कुडतरीच्या तळ्याकाठी

सासष्टीतले एक पांढरेशुभ्र चर्च, त्याच्या शेजारी विस्तीर्ण तळे आणि भोवती हिरवीगार भातशेती. कॅलेंडरवर शोभेल असे हे दृश्य. पण त्याच्यामागे पिढ्यान् पिढ्यांचे कष्ट आहेत, आणि आज त्या कष्टांना वारस हवा आहे.

गोवा म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो समुद्र. कळंगुट, कोलवा, मिरामार असे किनारे, नाहीतर मंगेशी-शांतादुर्गेची देवळे आणि जुन्या गोव्यातली भव्य चर्चे. चार दिवसांची सहल एवढ्यातच संपते आणि पर्यटक काजूची पाकिटे घेऊन परततो. पण समुद्राकडे पाठ करून थोडे आत गेले, की वेगळाच गोवा भेटतो. तिथे लाटांचा आवाज नसतो. संथ पाण्याची तळी असतात, त्यांच्या बांधावर माड वाकलेले असतात, शेताच्या मेरेवर बगळे उभे असतात आणि माडांच्या वर एखाद्या चर्चचे पांढरे मनोरे दिसतात. मडगावहून जेमतेम नऊ-दहा किलोमीटरवर असलेले कुडतरी हे या गोव्याचे एक देखणे रूप आहे.

कुडतरीला सासष्टीचे धान्यकोठार म्हणतात. ही पदवी या गावाला भातशेतीने मिळवून दिली आणि भातशेतीला पाणी दिले ते गावातल्या तळ्यांनी. या तळ्यांपैकी आंगडी नावाचे तळे संत आलेक्स यांच्या चर्चला लागूनच आहे. सकाळी वारा पडलेला असताना पाणी आरशासारखे स्थिर होते आणि माडांचे शेंडे, आकाशातले ढग आणि चर्चच्या पांढऱ्या भिंती त्यात उलट्या उमटतात. हे पाहायला तिकीट लागत नाही, रांग लावावी लागत नाही. काठावर उभे राहिले की पुरे.

तीन तळी, तीन कथा

तळ्याच्या काठावर चर्च हे दृश्य जगात इतरत्रही आहे. स्कॉटलंडमध्ये लॉक लोमंड या सरोवराच्या काठी लस नावाचे खेडे आहे. तिथले आजचे दगडी चर्च १८७५ सालचे. स्कॉटलंडमध्ये सरोवराला ‘लॉक’ म्हणतात. ही सरोवरे निसर्गाने घडवली. हिमयुगातल्या प्रचंड हिमनद्यांनी डोंगर कोरून काढले आणि त्या खोलगट भागात पाणी साठले.

आपल्याकडे लखनौला गेलेल्यांनी ला मार्टिनिएर विद्यालयाची कॉन्स्टॅन्शिया ही इमारत पाहिली असेल. तिच्यासमोर तळे आणि तळ्यात उंच स्तंभ आहे. क्लॉड मार्टिन या फ्रेंच सेनाधिकाऱ्याने नवाबी काळात उभारलेल्या या वास्तूच्या तळघरातच त्याची कबर आहे. ते तळे एका धनवंताच्या प्रासादाची शोभा वाढवणारे.

कुडतरीच्या तळ्याची कथा या दोन्हींपेक्षा निराळी. ते हिमनदीने कोरलेले नाही आणि कुणा सरदाराने हौसेखातर खोदलेलेही नाही. भात पिकवायचे म्हणून गावाने पाणी अडवले, त्याचे हे तळे झाले. त्याचे सौंदर्य ही त्या कामाला वरून मिळालेली देणगी.

१५९७ सालचे चर्च

संत आलेक्स यांचे चर्च प्रथम उभे राहिले ते १५९७ साली. पुढे १६४७ मध्ये त्याची पुनर्बांधणी झाली. सासष्टी तालुक्यातल्या सर्वांत जुन्या चर्चपैकी ते एक मानले जाते. स्थानिक बोलीत चर्चला ‘इगर्ज’ म्हणतात. इगर्जीसमोरचा मोकळा पटांगणवजा भाग, तिथला खुरीस आणि शेजारचे पाणी यांमुळे ही वास्तू दुरूनही उठून दिसते.

गोव्यातली जुनी चर्चे पांढरीच का, असा प्रश्न अनेकांना पडतो. इथला बांधकामाचा दगड म्हणजे जांभा, म्हणजेच तांबडा चिरा. तो खाणीतून काढताना मऊ असतो, त्यामुळे सहज तासता येतो. पण त्याला बारीक छिद्रे असतात. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३०० सेंटीमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उघड्या चिऱ्यात हे पाणी मुरले तर भिंत खचायला वेळ लागत नाही. म्हणून चुन्याचा गिलावा आणि पावसाळा सरल्यावर पुन्हा चुन्याचा हात, अशी पूर्वापार पद्धत पडली. हा चुना बहुधा शिंपल्या भाजून केलेला असे. पाण्यात पडणारे जे शुभ्र प्रतिबिंब पाहून प्रवासी हरखून जातो, त्याच्यामागे पावसाशी झगडण्याची ही साधी युक्ती आहे.

ज्यांच्या नावाने हे चर्च आहे, त्या संत आलेक्स यांची कथाही ऐकण्यासारखी आहे. रोममधल्या एका श्रीमंत घराण्यातला हा मुलगा. ऐश्वर्य सोडून तो परदेशी गेला आणि भिक्षा मागून राहू लागला. बऱ्याच वर्षांनी तो परतला तेव्हा आईवडिलांनी त्याला ओळखलेच नाही. आपल्याच घराच्या जिन्याखाली, एक अनोळखी भिकारी म्हणून त्याने सतरा वर्षे काढली आणि तो कोण होता हे त्याच्या मृत्यूनंतरच उलगडले, अशी आख्यायिका आहे. १७ जुलै हा त्याचा स्मृतिदिन. आपल्याकडच्या संतकथा ऐकत वाढलेल्या वाचकाला हे वैराग्य परके वाटणार नाही.

तळे केले कोणी?

पोर्तुगीज गोव्यात आले १५१० साली, आणि सासष्टी व बारदेश हे प्रदेश विजापूरच्या आदिलशहाकडून त्यांच्याकडे आले ते १५४३ मध्ये. पण इथली शेती त्याच्या कितीतरी आधीची. ती चालत होती ‘गावकरी’ नावाच्या व्यवस्थेवर. गाव वसवणाऱ्या मूळ घराण्यांचे वंशज म्हणजे गावकर. गावची जमीन एकट्यादुकट्याची नसून या सर्वांची मिळून असे. शेते ठरावीक मुदतीसाठी लिलावाने कसायला दिली जात. त्यातून येणाऱ्या उत्पन्नातून आधी गावाची कामे व्हायची. बांधाची डागडुजी, तळ्यातला गाळ काढणे, वाटा, देवस्थान, गावच्या सेवेकऱ्यांचा वाटा असा सगळा खर्च भागल्यावर जे उरेल ते गावकरांत वाटले जाई. या वाट्याला ‘जोण’ म्हणतात.

पोर्तुगीजांनी ही व्यवस्था मोडली नाही, कारण महसूल तिच्यातूनच येत होता. १५२६ साली अफोंसो मेशिया या अधिकाऱ्याने तिसवाडीतल्या गावकरीच्या चालीरीती सनदेच्या रूपाने लिहून काढल्या. पुढे या संस्थेला ‘कोमुनिदाद’ हे पोर्तुगीज नाव मिळाले आणि तेच कागदोपत्री आजही चालते.

ही व्यवस्था सर्वार्थाने आदर्श होती असे समजण्याचे कारण नाही. गावकर हा हक्क वंशपरंपरेने पुरुषांकडे जाई. प्रत्यक्ष चिखलात राबणाऱ्या कुळाला आणि मजुराला त्या वाट्यात जागा नव्हती. तरीही एक गोष्ट या व्यवस्थेने पक्की जाणली होती. पाणी हे एकाचे नसते. बांध एका ठिकाणी फुटला तर सगळ्यांचे शेत जाते, म्हणून बांधाचा खर्च हा सगळ्यांचा पहिला खर्च.

तळे बांधण्याची रीत साधी पण विचारपूर्वक होती. गोव्याच्या जांभ्याच्या टेकड्यांवरून पावसाचे पाणी भराभर खाली येते आणि नदीतून समुद्राला मिळते. चार महिने पाणीच पाणी आणि पुढचे आठ महिने कोरडे, असा हा प्रकार. टेकडीच्या पायथ्याच्या सखल भागाला आडवा बांध घातला की हे धावते पाणी थांबते. बांधाला चिऱ्यांत बांधलेले दार ठेवायचे. त्यात लाकडी फळ्या बसवायच्या. फळी वर केली की पाणी पाटाने शेताकडे, खाली सोडली की पाणी तळ्यात. अशा दाराला गोव्यात ‘मानस’ म्हणतात. यंत्र नाही, वीज नाही. उतार आणि माणसाची नजर एवढ्यावर सगळा कारभार.

तळ्याचे वर्ष

तळ्याकाठी कोणत्या ऋतूत जावे, असे कुणी विचारले तर उत्तर देणे अवघड आहे. कारण वर्षातून चार वेळा हे दृश्य बदलते आणि प्रत्येक बदलामागे शेतीचे एक काम असते.

जूनमध्ये पाऊस लागतो आणि तळी भरू लागतात. याच महिन्याच्या २४ तारखेला ‘सांजाव’ येतो, म्हणजे संत जॉनचा सण. डोक्यावर पानाफुलांचे मुकुट घालून तरुण मंडळी विहिरींत आणि तळ्यांत उड्या मारतात. नव्या जावयाचा या दिवशी सासुरवाडीला मोठा मान असतो. आपल्याकडच्या अधिक महिन्यातल्या जावयासारखेच त्याचे कौतुक होते. धर्म कोणताही असो, पहिल्या पावसाचा आणि जावयाचा मान सगळीकडे सारखाच.

जुलै-ऑगस्टमध्ये भाताची रोपे उंच होतात. ऑगस्टच्या सुरुवातीला काही शेतांत पहिली कणसे भरतात. कुडतरीच्या शेजारच्या राय गावात ५ ऑगस्टला कणसांचे फेस्त साजरे होते. नवी कणसे मिरवणुकीने आणून त्यांना आशीर्वाद दिला जातो आणि मग ती घरोघर नेली जातात. हिंदू घरांतही नवी कणसे आणून देवापुढे ठेवण्याची आणि दाराला बांधण्याची चाल गोव्यात आणि कोकणात आहे. तिला ‘नवे’ म्हणतात. भात एकच, शेत एकच. फक्त कणीस कोणत्या देवापुढे ठेवायचे एवढाच फरक.

ऑक्टोबरच्या सुमारास पावसाळी भात कापले जाते. इतर गावांची शेते त्यानंतर ओस पडतात. तळ्यांच्या गावात मात्र इथूनच दुसरी पेरणी सुरू होते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये लावलेल्या या भाताला ‘वायंगण’ म्हणतात. आभाळातून एक थेंबही न पडता हे पीक उभे राहते, ते तळ्याच्या पाण्यावर. कोणत्या शेताला कधी आणि किती वेळ पाणी सोडायचे याचे ठरलेले पाळे असतात. कुडतरीला धान्यकोठार हे नाव मिळाले ते या दुसऱ्या पिकामुळेच.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा पाहुण्यांसाठी सर्वांत सुखाचा काळ. हवेत गारवा असतो, शेते पोपटी असतात, नाताळचे कंदील दारोदार लागलेले असतात आणि तळ्यावर पक्षी उतरलेले असतात. पंख पसरून वाळवत बसलेला पाणकावळा, पाण्यातल्या पानांवरून चालत जाणारा कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी, अडई, हळदीकुंकू बदक असे पक्षी गोव्यातल्या अशा पाणथळ जागी हमखास दिसतात. मुलांना बरोबर नेले तर दुर्बीण आणि वही जरूर द्यावी. तासाभरात दहा-बारा पक्ष्यांची नावे वहीत चढतील.

मार्चपासून पाणी उतरू लागते. वायंगण कापले गेले की तळ्यात जे पाणी उरते त्यात मासे एकवटतात. गोव्यातल्या अनेक तळ्यांत मे महिन्यात मानस उघडून उरलेले पाणी सोडून देतात आणि गाव मासे पकडायला उतरते. मरळीसारखा गोड्या पाण्यातला मासा पावसाआधीच्या दिवसांत जेवणात येतो. तळाचा सुपीक गाळ शेतात जातो. तळे असे रिकामे होणे हे त्याचे मरण नसते. गाळ निघाला म्हणजे पुढच्या पावसासाठी जागा झाली. शिवाय वर्षभर मुरलेल्या पाण्याने आसपासच्या घरांच्या विहिरींना आधार दिलेला असतो तो वेगळाच.

शेजारचे रायतूर आणि मराठीचे नाते

कुडतरीपर्यंत आलेल्या मराठी माणसाने चार पावले पुढे टाकून रायतूर पाहावेच. पोर्तुगीज नकाशांत त्याचे नाव राशोल. झुआरी नदीच्या काठावर इथे एके काळी किल्ला होता. आज मुख्यतः ओळख आहे ती इथल्या जुन्या सेमिनरीची, म्हणजे धर्मगुरूंच्या विद्यालयाची. सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात ही भव्य वास्तू उभी राहू लागली.

याच रायतूरला १६१६ साली एक ग्रंथ छापला गेला. तो म्हणजे ‘क्रिस्तपुराण’. त्याचा कर्ता फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडमध्ये जन्मलेला जेझुइट पंथाचा धर्मगुरू. १५७९ मध्ये तो गोव्यात उतरला आणि १६१९ मध्ये मरण येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे, मुख्यतः सासष्टीतच राहिला. इथल्या लोकांना बायबलातली कथा सांगायची तर ती त्यांच्या ओळखीच्या रूपात सांगितली पाहिजे, हे त्याने ओळखले. म्हणून त्याने मराठी पुराणांचा आणि ओवीचा अभ्यास केला आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे महाकाव्य रचले. त्याच ग्रंथात त्याने मराठी भाषेची जी थोरवी गायिली आहे ती मराठी वाचकांना परिचित आहे. त्या काळी हा ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला होता. कोकणी भाषेचे त्याने लिहिलेले व्याकरणही त्याच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये, रायतूरलाच प्रसिद्ध झाले.

कुडतरीचे पहिले चर्च उभे राहिले तेव्हा, म्हणजे १५९७ मध्ये, स्टीफन्स याच परिसरात वावरत होता. भाताच्या या हिरव्या पट्ट्यात हिंडताना त्याच्या कानावर ओव्या पडल्या असतील, असे वाटून मराठी प्रवासी थबकला तर त्यात नवल नाही.

नदीपलीकडे गेलेले देव

या भूमीच्या इतिहासाला दुःखाची किनारही आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात सासष्टीतली देवळे पाडली गेली. भाविकांनी आपले देव रातोरात उचलून नदीपलीकडे, त्या वेळी पोर्तुगीज अमलाबाहेर असलेल्या मुलखात नेले. रायची कामाक्षी शिरोड्याला गेली. लोटलीचा रामनाथ बांदिवड्याला गेला. कुशस्थळीचा मंगेश म्हार्दोळजवळ आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली.

महाराष्ट्रातून आणि कर्नाटकातून दरवर्षी हजारो कुटुंबे या दैवतांच्या दर्शनाला येतात. ओटी भरतात, अभिषेक करतात आणि परततात. आपल्या कुलदैवताचे मूळ गाव कोणते, हे मात्र त्यांतल्या अनेकांना फक्त नावाने ठाऊक असते. राय आणि लोटली ही दोन्ही गावे कुडतरीच्या आसपासचीच. शिरोड्याला कामाक्षीच्या दर्शनाला गेलेल्या कुटुंबाने परतताना नदीच्या या बाजूला उतरून ही शेते आणि तळी पाहिली, तर आजोबा-पणजोबांच्या तोंडून ऐकलेल्या गावाला रूप येईल. देव गेले, माणसांचे धर्म बदलले, राज्यकर्ते बदलले. तळ्यातले पाणी मात्र त्याच शेताकडे वाहत राहिले, कारण दोन्ही बाजूंना पोट होते.

आता बांध कोण सांभाळणार?

१९६१ च्या १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. त्यानंतर कूळ कायदा आला १९६४ मध्ये, आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणारी कुळे जमिनीची मालक झाली. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबलेल्यांना न्याय मिळाला. पण त्याबरोबर एक प्रश्न मागे राहिला. शेते वाटून देता येतात, तळे आणि बांध कसे वाटणार? कोमुनिदादींचे उत्पन्न आणि दरारा ओसरला. बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली. कुठे त्या चांगल्या चालल्या, कुठे कागदावरच राहिल्या. सगळ्यांचे काम ते कुणाचेच नाही, अशी गत बऱ्याच गावांत झाली.

शेतीतले मनुष्यबळही कमी झाले. गोव्याचा माणूस पूर्वीपासूनच पोटासाठी बाहेर पडणारा. मुंबईत धोबीतलावच्या परिसरात गोव्यातल्या गावोगावच्या ‘कुडी’ होत्या, काही अजून आहेत. गावचा माणूस नोकरीच्या शोधात आला की तिथे त्याची ट्रंक ठेवायची आणि रात्री पथारी टाकायची सोय होई. पुढे जहाजावरची नोकरी, आखाती देश, पोर्तुगाल, इंग्लंड अशा वाटा खुल्या झाल्या. घरी पैसा आला, कौलारू घरांच्या जागी स्लॅब पडले. पण चिखलात उतरायला माणूस मिळेना. भाताला मिळणारा भाव आणि मजुरी यांचा मेळ बसेना, तेव्हा अनेकांनी एक पीक सोडले, काहींनी दोन्ही. एके काळी आपला भात पिकवणारा गोवा आज बराचसा तांदूळ बाहेरून आणतो.

वायंगण बंद झाले की तळ्याच्या पाण्याला कामच उरत नाही. काम नाही म्हणून गाळ काढायचा नाही, फळ्या बदलायच्या नाहीत. मग पाण्यावर जलपर्णी पसरते, तळ उथळ होतो, सांडपाणी येऊन मिळते आणि पाच-दहा वर्षांत तळ्याची दलदल होते. दलदलीला कुणी दाद देत नाही; तिच्यात भराव टाकून प्लॉट पाडावेत, असे वाटणारे मात्र भेटतात. गोव्यात असे धडे कमी नाहीत.

दुसरी बाजूही आहे. कुडतरीपासून थोड्या अंतरावर, कुडचड्याला नंदा तळे आहे. ४२ हेक्टरच्या या पाणथळ जागेला २०२२ मध्ये रामसर यादीत स्थान मिळाले. जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची ही यादी, आणि तिच्यात गेलेली गोव्यातली ही पहिली जागा. विशेष म्हणजे तिथेही पाणी अडवायचे आणि खालच्या शेतांना सोडायचे, हीच जुनी रीत चालते. शेती आणि पक्षी एकमेकांच्या आड येत नाहीत, उलट एकामुळे दुसरे टिकते, याचा तो पुरावाच आहे.

कुडतरीत आजही शेते उभी राहतात, ही समाधानाची गोष्ट. तिथे पोहोचलेल्या प्रवाशाला हिरवा रंग दिसतो तो कुणाच्या तरी सकाळच्या कष्टाचा असतो. ज्या दिवशी मानशीची फळी उचलायला कुणी येणार नाही, त्या दिवसापासून चर्चचे प्रतिबिंबही पुसट होऊ लागेल.

जाताना एवढे लक्षात ठेवा

मुंबईहून कोकणकन्या किंवा मांडवी एक्सप्रेसने मडगावला उतरता येते. दिल्लीकडून येणाऱ्यांना गोवा एक्सप्रेस सोयीची. मडगावहून कुडतरीला बस जाते. रिक्षा किंवा भाड्याची गाडीही मिळते. सकाळी लवकर निघाले तर तळे, चर्च आणि रायतूर ही ठिकाणे दुपारच्या जेवणापर्यंत निवांत पाहून होतात. वेळ असेल तर जवळच्या चांदरलाही जावे. प्राचीन चंद्रपूर ते हेच. गोव्याच्या जुन्या राजवटींची राजधानी इथे होती, आणि आज इथली मिनेझिस ब्रागांझा यांची हवेली प्रसिद्ध आहे.

चर्च हे प्रार्थनास्थळ आहे याचे भान ठेवावे. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे असावेत. मिस्सा चालू असेल तर आत हिंडू नये, फोटो काढू नयेत. बाहेर थांबावे किंवा मागच्या बाकावर शांत बसावे. रविवारी सकाळी गर्दी असते, म्हणून आठवड्यातला इतर दिवस बरा.

बांधावरून चालताना कडेला जाऊ नये. पावसाळ्यात माती निसरडी असते आणि तळ्याची खोली वरून कळत नाही. मुलांचा हात धरावा. पोहायला उतरण्याचा मोह टाळावा. गावची पोरे उड्या मारतात ती तळ ठाऊक असल्यामुळे. शेताच्या मेरेवर पाय देण्याआधी जवळ कुणी काम करत असेल तर त्याला विचारावे. मेर मोडली तर पाणी निसटते. वेफर्सचे पुडे, पाण्याच्या बाटल्या परत आणाव्यात. मानशीच्या फळीत अडकलेली एक प्लॅस्टिकची पिशवीही पाणी अडवते.

आणि शेतात कुणी वयस्कर शेतकरी दिसलाच, तर दोन मिनिटे थांबून विचारावे, की यंदा वायंगण किती लावले. गोव्याच्या खेड्यातला माणूस अबोल वाटला तरी शेतीविषयी विचारले की मोकळा होतो. त्याच्या उत्तरावरून या तळ्याचे पुढे काय होणार, याचा अंदाज येईल. जमल्यास जवळच्या बाजारातून गावठी उकडा तांदूळ किलोभर घ्यावा. घरी त्याची पेज शिजली, की कुडतरीच्या तळ्याचे थोडे पाणी आपल्याही ताटात आले असे समजायला हरकत नाही.